घराची कळ आपल्याच हाती

भिंतीवरची कळ दाबली की दिवा लागतो. या साध्या व्यवहारात आपण आणि दिवा यांच्यामध्ये तिसरे कोणी नसते. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र या दोघांमध्ये एक तिसरा येऊन बसला आहे. भ्रमणध्वनीवरून दिवा, पंखा वा गीझर चालविणारी जी ‘स्मार्ट’ उपकरणे बाजारात मिळतात, त्यांतील पुष्कळांत आपली आज्ञा प्रथम इंटरनेटवरून उत्पादक कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते आणि तेथून फिरून आपल्याच घरातील दिव्यापाशी येते. तो संगणक चालू आहे तोवर सारे सुरळीत चालते. तो बंद पडला, किंवा कंपनीनेच बंद केला, तर काय?

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत ‘रिव्हॉल्व्ह’ नावाचे, घरातील निरनिराळी उपकरणे एकत्र जोडणारे एक यंत्र सुमारे तीनशे डॉलरना विकले जात असे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ‘नेस्ट’ने ही कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तिची सेवा कायमची थांबविली. यंत्रे बिघडलेली नव्हती. तरीही त्या दिवसापासून ती निरुपयोगी ठरली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’ या दुसऱ्या कंपनीचे संगणक ग्राहकांना कोणतीही पूर्वसूचना न देता बंद झाले. भिंतीवरच्या कळा चालत राहिल्या, पण भ्रमणध्वनीवरील नियंत्रण एका रात्रीत नाहीसे झाले. पुढे जूनमध्ये तिच्या काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली, म्हणून सेवा पुन्हा सुरू होऊ शकली. प्रत्येक वेळी ग्राहकांचे नशीब असे बलवत्तर असेलच, असे नाही.

या परावलंबनावर एक स्वस्त आणि पक्का उपाय आहे. काही शे रुपयांना मिळणारा, आगपेटीहून लहान असा वाय-फाय बोर्ड घ्यावा, त्यात मुक्तस्रोत आज्ञावली भरावी आणि घरातली आज्ञा घरातच ठेवावी. हे काम कसे करावे, त्यात कोठे ठेच लागते आणि आपल्याकडील विजेच्या लहरी लक्षात घेता कोणती पथ्ये पाळावीत, याची माहिती या लेखात दिली आहे.

बोर्ड आणि त्यातील आज्ञावली

या सगळ्याच्या मुळाशी ‘ईएसपी८२६६’ ही इवलीशी चिप आहे. शांघाय येथील ‘एस्प्रेसिफ’ कंपनीने (स्थापना २००८) ती २०१४ मध्ये बाजारात आणली. दुसऱ्या एखाद्या यंत्राला वाय-फायची जोड देणे, एवढेच काम तिच्याकडून प्रारंभी अपेक्षित होते. परंतु तिच्यात स्वतःचा ३२ बिटांचा, ८० मेगाहर्ट्झ गतीचा प्रक्रियक असल्याने ती स्वतंत्र संगणकाप्रमाणेही चालू शकते, हे हौशी मंडळींनी लवकरच ओळखले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने आज्ञावली लिहिण्याची साधनेही खुली केली आणि जगभर प्रयोगांना ऊत आला. कंपनीची पुढची चिप ‘ईएसपी३२’ ही २०१६ साली आली. ती अधिक समर्थ आहे. पण एखादा दिवा किंवा पंप चालविण्यासाठी जुनी चिप आजही पुरेशी आहे.

नुसती चिप हाताळणे अवघड असते. म्हणून ती यूएसबी जोडणीसह एका छोट्या बोर्डावर बसवून विकली जाते. ‘नोडएमसीयू’ आणि ‘वेमॉस डी१ मिनी’ हे त्यांतील सर्वांत परिचित बोर्ड. मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील तपकीर गल्ली येथील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते सहज मिळतात. या लेखातील वर्णन ‘डी१ मिनी’चे आहे, नोडएमसीयूलाही ते जवळजवळ तसेच लागू पडते.

अशा उपकरणाच्या स्मृतीत कायम राहणाऱ्या आणि वीज मिळताच चालू होणाऱ्या आज्ञावलीस ‘फर्मवेअर’ म्हणतात. उपकरण कोणाचे ऐकणार, हे त्यावरच ठरते. आपण येथे ‘टास्मोटा’ हे फर्मवेअर निवडले आहे. नेदरलँड्समधील थिओ एरंड्स यांनी जानेवारी २०१६ मध्ये त्याचा प्रारंभ केला. ‘सोनऑफ’ या चिनी बनावटीच्या वाय-फाय कळा कंपनीच्या संगणकावाचून चालाव्यात, हा त्यांचा मूळ हेतू होता. ‘थिओ एरंड्स सोनऑफ एमक्यूटीटी ओव्हर द एअर’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच ‘टास्मोटा’ हे नाव बनले. आज ते शेकडो प्रकारच्या उपकरणांवर चालते. ‘जीपीएल’ या मुक्त परवान्याखाली ते उपलब्ध असल्याने ते कोणालाही विनामूल्य वापरता येते, त्याची मूळ संहिता वाचता येते, बदलता येते. आपल्या घरातील कळ कोणाशी काय बोलते, हे ज्याला पाहायचे असेल त्याला पाहता येते. मुक्तस्रोताचे खरे मोल फुकटेपणापेक्षा या उघडेपणात आहे.

‘ईएसपीहोम’ हा दुसरा नामांकित पर्याय. त्यात आपल्या गरजेनुसार एक लहानसे वर्णन लिहून स्वतंत्र फर्मवेअर तयार करावे लागते. ‘होम असिस्टंट’ ही गृहनियंत्रण प्रणाली जे आधीपासून वापरतात, त्यांना तो सोयीचा वाटतो. टास्मोटा मात्र तयार मिळते आणि त्याची सारी मांडणी ब्राउझरमधून करता येते. नवशिक्याने येथूनच सुरुवात करणे बरे.

प्रारंभीची सामग्री

पहिल्या प्रयोगासाठी तीनच गोष्टी लागतात: एक डी१ मिनी बोर्ड, यूएसबी केबल आणि ‘क्रोम’ किंवा ‘एज’ ब्राउझर असलेला संगणक. यांत सर्वांत जास्त फसवणारी वस्तू म्हणजे केबल. भ्रमणध्वनीसोबत किंवा स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलींत केवळ विजेच्या दोन तारा असतात. माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. अशा केबलीने बोर्डाला वीज मिळते, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि मग दोष बोर्डाच्या माथी मारला जातो. ज्या केबलीने भ्रमणध्वनीतील छायाचित्रे संगणकावर उतरविता येतात, ती केबल घ्यावी.

बोर्डावर यूएसबीचे भाषांतर करणारी एक वेगळी चिप असते. डी१ मिनीवर बहुधा ‘सीएच३४०’, तर नोडएमसीयूवर तीच किंवा ‘सीपी२१०२’ आढळते. केबल जोडल्यावर विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नवा ‘कॉम पोर्ट’ दिसला तर ठीक. तो दिसला नाही, तर त्या चिपचा ‘ड्रायव्हर’ तिच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावा. लिनक्समध्ये ड्रायव्हर सहसा असतोच. तेथे आपल्या वापरकर्त्यास ‘डायलआउट’ गटात समाविष्ट करावे लागते.

फर्मवेअर भरण्याची रीत

कारागिरांच्या बोलीत या कामाला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. पूर्वी त्यासाठी संगणकावर पायथन भाषेतील साधने बसवून लांबलचक आज्ञा टंकाव्या लागत. ती वाट आजही खुली आहे. पण टास्मोटाच्या ‘वेब इन्स्टॉलर’मुळे बहुतेकांना तिची गरज उरलेली नाही.

बोर्ड संगणकाला जोडून टास्मोटाच्या अधिकृत संकेतस्थळावरील ‘वेब इन्स्टॉलर’चे पान उघडावे. फर्मवेअरच्या अनेक आवृत्त्यांची यादी तेथे दिसते. त्यांतील साधी ‘टास्मोटा’ आवृत्ती निवडावी. ‘सेन्सर्स’, ‘डिस्प्ले’ इत्यादी नावांच्या आवृत्त्या विशिष्ट कामांसाठी आहेत. ‘कनेक्ट’ दाबताच ब्राउझर उपलब्ध पोर्टांची यादी दाखवतो. आपला पोर्ट कोणता, असा संभ्रम पडल्यास केबल काढून पाहावी. जे नाव यादीतून नाहीसे होते, तो आपला. नंतर ‘इन्स्टॉल टास्मोटा’ निवडावे. बोर्डाची जुनी स्मृती पुसण्याविषयी, म्हणजे ‘इरेज’विषयी विचारणा झाल्यास होकार द्यावा. जुन्या मांडणीचे अवशेष मागे राहिले, तर ते पुढे अनाकलनीय घोटाळे करतात. यानंतर दोन-तीन मिनिटे केबलीला हात लावू नये. काम पुरे झाल्याचा संदेश आला की फर्मवेअर भरून झाले.

डी१ मिनी आणि नोडएमसीयू यांच्यात आपोआप ‘फ्लॅश’ अवस्थेत जाण्याची सोय असते, त्यामुळे कोणतेही बटण दाबावे लागत नाही. यूएसबी नसलेले ‘ईएसपी-०१’सारखे छोटे बोर्ड घेतले तर मात्र वेगळा जोडक लागतो, आणि ‘जीपीआयओ ०’ ही पिन जमिनीला, म्हणजे ‘ग्राउंड’ला, जोडून वीज द्यावी लागते. तो जोडक ३.३ व्होल्टचाच असावा. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते. ५ व्होल्टने ती कायमची निकामी होऊ शकते.

घरच्या वाय-फायशी गाठ

नवे फर्मवेअर चालू झाले की बोर्ड स्वतःचे एक तात्पुरते वाय-फाय जाळे निर्माण करतो. त्याचे नाव ‘टास्मोटा’ने सुरू होते आणि त्याला परवलीचा शब्द नसतो. भ्रमणध्वनीवरून त्या जाळ्यात शिरावे. बहुतेक वेळा मांडणीचे पान आपोआप उघडते. न उघडल्यास ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ हा पत्ता इंग्रजी अंकांत द्यावा. या जाळ्यावर इंटरनेट नसल्याने कित्येक भ्रमणध्वनी आपण होऊन मोबाइल डेटाकडे वळतात आणि पान उघडत नाही. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवावा.

पानावर घरच्या वाय-फायचे नाव निवडून परवलीचा शब्द भरावा. तो दोनदा तपासून पाहावा, कारण येथील एका अक्षराची चूक अर्धा तास खाते. ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर बोलते. ५ गिगाहर्ट्झचे जाळे तिला दिसतच नाही. दोन्ही पट्टे एकाच नावाने चालविणाऱ्या राउटरवर जोडणी होत नसेल, तर २.४ गिगाहर्ट्झला वेगळे नाव देऊन पाहावे. जोडणी झाली की बोर्डाचा घरच्या जाळ्यातील नवा पत्ता पडद्यावर दिसतो. तो टिपून ठेवावा. राउटरमध्ये तो पत्ता या बोर्डासाठी कायमचा राखून ठेवता आला, तर अधिक उत्तम.

आता भ्रमणध्वनी पुन्हा घरच्या वाय-फायवर आणून हा नवा पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की टास्मोटाचे मुख्य पान समोर येते. येथून पुढे यूएसबी केबल फक्त वीज पुरविण्यापुरती.

विजेला हात न लावता पहिली चाचणी

टास्मोटाला आपल्या बोर्डाच्या कोणत्या पिनला काय जोडले आहे, हे ठाऊक नसते. ते सांगावे लागते. ‘कॉन्फिगरेशन’मधील ‘कॉन्फिगर मॉड्यूल’ हे पान उघडावे. ‘जेनेरिक’ हा प्रकार आधीच निवडलेला नसल्यास निवडून ‘सेव्ह’ करावे. बोर्ड पुन्हा सुरू झाला की त्याच पानावर पिनांची यादी दिसते.

डी१ मिनीवर एक बारीक निळा दिवा असतो आणि तो ‘जीपीआयओ २’ला जोडलेला असतो. या पिनेपुढे ‘रिले_आय’ निवडून ‘सेव्ह’ करावे. ‘आय’ म्हणजे उलट. कारण हा दिवा पिनेवरील विद्युतदाब शून्य असताना लागतो. मुख्य पानावर आता ‘टॉगल’ हे बटण येते. ते दाबताच निळा दिवा लागला-विझला, तर फर्मवेअर, वाय-फाय आणि मांडणी ही तिन्ही ठीक आहेत. २३० व्होल्टच्या जवळपासही न जाता हे पडताळून घेता येते. ही पायरी कोणीही गाळू नये.

खऱ्या कामासाठी ‘रिले’ लागतो. बोर्डाच्या क्षीण इशाऱ्यावर मोठ्या विजेची वाट उघडणारी-मिटणारी ती चुंबकीय कळ होय. डी१ मिनीवर थेट बसणारा रिलेचा जोडबोर्ड मिळतो. तो ‘डी१’ ही पिन वापरतो, जिचे चिपवरील नाव ‘जीपीआयओ ५’ असे आहे. मघाची ‘जीपीआयओ २’वरील निवड काढून ‘जीपीआयओ ५’पुढे ‘रिले’ निवडावे. स्वतंत्र रिले घेतल्यास तो उलट चालतो का, हे आधी पाहावे. तसे असेल तर ‘रिले_आय’ निवडावे.

पिन निवडताना एक भान ठेवावे. ‘जीपीआयओ ०’, ‘२’ आणि ‘१५’ या पिनांची स्थिती पाहूनच चिप कशी सुरू व्हायचे ते ठरविते. त्यांना रिले जोडला, तर कधी बोर्ड सुरूच होत नाही, कधी वीज येताच रिले क्षणभर ओढला जातो. ‘जीपीआयओ ४’ आणि ‘५’ या सर्वांत निर्धोक.

भिंतीवरची कळही काढून टाकू नये. एक साधे दाबबटण एखाद्या मोकळ्या पिनेला आणि ‘ग्राउंड’ला जोडून त्या पिनेपुढे ‘बटन’ निवडले, तर ते वाय-फाय बंद असतानाही चालते, कारण निर्णय घरातला बोर्डच घेतो. घरातील वडीलधाऱ्यांना दिवा लावण्यासाठी भ्रमणध्वनी शोधावा लागत असेल, तर ती सोय नव्हे, गैरसोय आहे.

पॅरिसचा सूर्यास्त

टास्मोटात सोळा ‘टायमर’ असतात. ठरलेल्या वेळी, सूर्योदयाला वा सूर्यास्ताला दिवा लावणे-विझविणे त्यांनी साधते. पण त्याआधी बोर्डाला आपण कोठे आहोत हे सांगायला हवे. मूळ फर्मवेअरमध्ये स्थान म्हणून आयफेल टॉवरचे अक्षांश-रेखांश भरलेले असतात आणि घड्याळ युरोपचे असते. नुसते घड्याळ सुधारून स्थान तसेच ठेवले, तर सूर्यास्ताला लागावयाचा सज्जातील दिवा पॅरिसच्या सूर्यास्ताला लागतो. आपल्या घड्याळानुसार तो हिवाळ्यात रात्री साडेनवाच्या सुमारास, तर जूनमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर होतो.

यासाठी ‘टूल्स’मधील ‘कन्सोल’ उघडून तीन आज्ञा द्याव्यात. येथे त्या देवनागरीत दिल्या असल्या, तरी प्रत्यक्षात त्यांची इंग्रजी नावे सलग शब्द म्हणून रोमन लिपीत, आणि अंकही इंग्रजीत टंकायचे आहेत. पहिली ‘टाइमझोन +५:३०’. पुणेकरांसाठी दुसरी ‘लॅटिट्यूड १८.५२’ आणि तिसरी ‘लाँगिट्यूड ७३.८६’. नागपूरसाठी हेच आकडे २१.१५ आणि ७९.०९ असे होतात. घड्याळ एकच असले, तरी केवळ रेखांशातील फरकामुळे नागपूरचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे पुढे असतो, म्हणून आपापल्या गावाचे आकडे द्यावेत. टायमरच्या पानावर सर्वांत वरची ‘एनेबल टायमर्स’ची खूण आणि त्या-त्या टायमरची स्वतंत्र खूण, अशा दोन्ही कराव्या लागतात. टायमर चालला नाही की बहुधा यांतील एक राहून गेलेली असते.

वीज गेली आणि आली

युरोपात लिहिलेली आज्ञावली आपल्याकडे वापरताना सर्वांत मोठी कसोटी लागते ती विजेच्या जाण्या-येण्याची. येथे तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

पहिली: वीज परत आल्यावर रिलेने काय करावे? मूळ मांडणीनुसार तो वीज जाण्यापूर्वीच्या स्थितीत परत जातो. दिव्यासाठी हे ठीक; पण पाण्याचा पंप चालू असताना वीज गेली आणि घरात कोणी नसताना परत आली, तर पंप आपोआप सुरू होईल. टाकी वाहील, किंवा विहीर कोरडी असल्यास पंप जळेल. अशा जागी ‘पॉवरऑनस्टेट ०’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे वीज आल्यावर रिले बंदच राहतो. गीझरलाही हाच नियम लावावा.

दुसरी: पंपाला कमाल मर्यादा घालावी. ‘पल्सटाइम’ या आज्ञेने रिले चालू झाल्यापासून ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो. तिचे गणित जरा विचित्र आहे. ११२ पासूनच्या आकड्यांत अपेक्षित सेकंदांत शंभर मिळवून आकडा द्यायचा असतो. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद, म्हणून ‘पल्सटाइम ७००’. वीस मिनिटांसाठी १३००. या बोर्डावर घड्याळ जपून ठेवणारी बॅटरी नसते, तो वेळ इंटरनेटवरून घेतो. वीज आली पण इंटरनेट आले नाही, तर त्याला किती वाजले हे कळत नाही आणि टायमर थांबून राहतात. पल्सटाइमला मात्र घड्याळ लागत नाही. म्हणून पंप बंद करण्याचे काम केवळ टायमरवर सोपवू नये.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी ठाऊक असलेली. मांडणी बिघडली तर बोर्ड मूळ अवस्थेत आणता यावा, म्हणून टास्मोटात एक युक्ती आहे. दहा सेकंदांहून कमी अंतराने वीज सलग सहा वेळा चालू-बंद करून सातव्यांदा चालू ठेवली, की सारी मांडणी पुसली जाते. वादळी पावसात वीज जेव्हा लपंडाव खेळते, तेव्हा हेच आपोआप घडू शकते. वाय-फायचे नाव, पिनांची निवड, टायमर, पल्सटाइम सारे नाहीसे होते, आणि आपला बोर्ड पुन्हा ‘टास्मोटा’ नावाचे उघडे जाळे मांडून बसतो. जेथे वीज अशी लुकलुकते, तेथे ‘सेटऑप्शन६५ १’ ही आज्ञा देऊन ही सोय बंद करावी. त्यानंतर मांडणी बिघडली आणि बोर्ड हाताशी येत नसेल, तर तो काढून यूएसबीवरून पुन्हा फ्लॅश करावा लागेल. पण तो त्रास पत्करण्यासारखा आहे.

२३० व्होल्टचे पथ्य

आतापर्यंतचे सारे काम पाच व्होल्टवर चालले. घराच्या वीजजोडणीत रिले बसविणे ही वेगळी बाब आहे. ज्याला त्या कामाचा सराव नाही, त्याने ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच वा एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच स्विचबोर्ड उघडावा. रिलेने नेहमी फेज तोडावा, न्यूट्रल नव्हे; अन्यथा दिवा विझलेला दिसला तरी त्यात वीज राहते. बोर्ड आणि रिले उघडे न ठेवता बंद डब्यात बसवावेत. बाजारातील तयार वाय-फाय कळेत टास्मोटा भरू पाहणाऱ्यांनी तर एक गोष्ट कधीही विसरू नये. ती कळ २३० व्होल्टला जोडलेली असताना तिला संगणकाची केबल कदापि लावू नये. अशा कळांत वरची वीज आणि आतले परिपथ यांच्यात अनेकदा पुरेसे विलगीकरण नसते. त्यात संगणक जळेल, आणि माणसाच्या जिवावरही बेतेल.

रिलेवर ‘१० अँपिअर’ असे छापलेले असले, तरी तो आकडा दिव्यासारख्या साध्या भारासाठी समजावा. पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते आणि छोट्या रिलेची टोके वितळून एकमेकांना चिकटतात. मग बोर्डाने ‘बंद’ म्हटले तरी पंप थांबत नाही, आणि वर सांगितलेली पल्सटाइमची मर्यादाही कुचकामी ठरते. म्हणून पंपासाठी रिलेने केवळ ‘काँटॅक्टर’ची गुंडाळी चालवावी आणि मोटरचा प्रवाह काँटॅक्टरमधून जाऊ द्यावा. मोटरचे ‘ओव्हरलोड’ संरक्षण किंवा टाकीतील तरंगती कळ आधीपासून असेल, तर ती काढू नये.

दार बंद ठेवावे

कंपनीचा संगणक मधून गेला, म्हणजे सुरक्षेची जबाबदारी आपल्याकडे आली. टास्मोटाचे पान मुळात परवलीच्या शब्दाशिवाय उघडते. ‘कॉन्फिगर अदर’ या पानावर तो लगेच ठेवावा. पण तेवढ्यावर विसंबूनही चालत नाही, कारण हे पान सांकेतिक स्वरूपात न जाता साध्या रूपात जाते. राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून हा बोर्ड थेट इंटरनेटवर उघडा करणे म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याच्या हाती आपली कळ देणे होय. बाहेरगावाहून नियंत्रण हवेच असेल, तर घरच्या जाळ्यात ‘व्हीपीएन’ने शिरावे.

मांडणी मनासारखी झाली की ‘बॅकअप कॉन्फिगरेशन’ वापरून तिची प्रत संगणकावर उतरवून ठेवावी. फर्मवेअरची नवी आवृत्ती वाय-फायवरूनच भरता येते. त्यापूर्वी ही प्रत घेतलेली असावी आणि काम चालू असताना वीज तोडू नये.

एकापेक्षा अधिक बोर्ड झाले की त्यांना एकत्र आणण्यासाठी ‘एमक्यूटीटी’ हा संदेशवहनाचा संकेत उपयोगी पडतो. ‘आयबीएम’चे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये, खनिज तेलाच्या नळवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी, तो रचला. कमी क्षमतेच्या वाहिनीवरून छोटे निरोप खात्रीने पोहोचविणे, हा त्याचा गुण घरालाही मानवला. घरातील एखाद्या ‘रास्पबेरी पाय’वर ‘मॉस्किटो’ हा निरोप्या आणि ‘होम असिस्टंट’ बसविले, की सगळे बोर्ड एका पडद्यावर येतात, आणि हा पसारा इंटरनेटवाचूनही चालतो. मात्र हा पुढचा टप्पा आहे. एक बोर्ड महिनाभर विनातक्रार चालल्यावाचून त्याकडे वळू नये.

डब्यातली चिठ्ठी

शेवटचे काम तांत्रिक नाही. कोणत्या पिनेला काय जोडले, बोर्डाचा पत्ता काय, कोणत्या आज्ञा दिल्या आणि हे सारे बाजूला सारून पूर्वीची साधी कळ पुन्हा कशी जोडायची, हे एका कागदावर सुवाच्य मराठीत लिहून तो स्विचबोर्डाजवळ, घरच्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावा. परवलीचे शब्द त्यावर न लिहिता ते कोठे सापडतील, एवढेच लिहावे. एक दिवस आपण गावाला गेलेलो असू, पंप चालणार नाही आणि घरातल्यांना वायरमन बोलवावा लागेल. तेव्हा त्याला हा कागद पुरला पाहिजे.

दूरच्या कंपनीचा संगणक आपल्या आणि आपल्या दिव्याच्या मधून दूर व्हावा, यासाठी हा खटाटोप केला. त्याच्या जागी आपणच तिसरे होऊन बसलो, आपल्यावाचून घरातल्या कोणालाच दिवा लावता येईना, तर रिव्हॉल्व्हच्या ग्राहकांत आणि आपल्या घरच्यांत फरक तो काय राहिला? घराची कळ घरातल्या प्रत्येकाच्या हाती असावी. ती तशी आहे की नाही, हे पाहण्याची सोपी परीक्षा आहे. आपण गप्प बसावे आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दिवा लावायला सांगावे.